नैरोबीहून टांझानिया आणि रवांडा: एका कुटुंबाच्या प्रवासाचे व्हिसा, लस आणि सीमेवरचे कागद

आपण विचारलेल्या प्रश्नाचा तपशील आधी नोंदवतो, म्हणजे पुढचे मुद्दे कशाला धरून आहेत ते स्पष्ट राहील. आपण नैरोबीत एका पॅकेजिंग यंत्रांच्या कंपनीत क्लास डी वर्क परमिटवर काम करता. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी डिपेंडंट पासवर आपल्याकडे राहतात. येत्या ऑगस्टमध्ये आपले आई-वडील सांगलीहून दीड महिन्यासाठी येणार आहेत. त्यांना घेऊन केनियातला मसाई मारा, तिथून परस्पर टांझानियातील सेरेंगेटी, मग न्गोरोन्गोरो आणि झांझिबार पाहावे, नैरोबीला परतून रवांडात गोरिला पाहावेत आणि नंतर त्यांना मुंबईच्या विमानात बसवावे, असा आपला बेत आहे. वाटेत अरुशाच्या एका ग्राहकाकडे दोन दिवस यंत्र सुरू करून देण्याचे कामही आहे. वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि आईंना आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. शेजारी सांगतात की इथून टांझानियाला व्हिसा लागतच नाही, तर एका एजंटाने पाचही जणांसाठी शंभर डॉलरचा पूर्व आफ्रिका व्हिसा काढायला सांगितला आहे.

या सगळ्यात आपण व्हिसाची सर्वाधिक चिंता करत आहात, आणि माझ्या मते तोच भाग सर्वांत सोपा आहे. भारतीय पासपोर्टवर टांझानियाचा व्हिसा सीमेवरच्या काउंटरवरसुद्धा मिळतो. यलो फीवरच्या (पीतज्वराच्या) लसीचे प्रमाणपत्र मात्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य धरले जाते, त्यामुळे ते ऐनवेळी कोठेही मिळत नाही. म्हणून लसीपासूनच सुरुवात करतो.

आई-वडील मुंबईहून थेट विमानाने नैरोबीला उतरले तर केनियात त्यांच्याकडे हे प्रमाणपत्र मागितले जाणार नाही, कारण भारत या रोगाच्या देशांत मोडत नाही. (आदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट मिळाले आणि तिथला थांबा लांबचा असला, तर हे उत्तर बदलू शकते, कारण इथिओपिया त्या यादीत आहे.) एकदा केनियात पाऊल ठेवले की मात्र स्थिती उलटते. केनिया जोखमीच्या देशांत गणला जात असल्याने तिथून टांझानियात जाणाऱ्या एक वर्षावरील प्रत्येकाकडे प्रमाणपत्र असावे लागते, आणि नामांगाच्या सीमेवर आरोग्य विभागाचा माणूस पासपोर्टच्या काउंटरआधीच या प्रमाणपत्राचे पिवळे पुस्तक पाहतो. रवांडातही केनियाहून येणाऱ्यांना तोच नियम लागू आहे. आपण दोघे आणि मुलगी सुट्टीत भारतात जाता तेव्हा हे प्रमाणपत्र दाखवतच असाल, म्हणून आपला प्रश्न बहुधा मिटलेला आहे. लस पूर्वी घेतलेली असली आणि पुस्तकावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरू नये. 11 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार एकदा घेतलेली लस आयुष्यभरासाठी वैध मानली जाते.

खरी अडचण आईंची आहे, आणि ती टांझानिया रद्द केला तरी सुटत नाही. केनिया भारताच्याही यादीत आहे. त्यामुळे नैरोबीहून मुंबईला परतणाऱ्या प्रवाशाकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळ आरोग्य अधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लोक येताना कोणी विचारले नाही म्हणून निश्चिंत होतात आणि परतीच्या वेळी सहार विमानतळावर अडकतात. यलो फीवरची लस जिवंत विषाणूची असते. मेथोट्रेक्सेटसारखी रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांना ती साधारणपणे टाळावी लागते, आणि साठीच्या पुढच्या व्यक्तींना प्रथमच देताना डॉक्टर फायदा आणि धोका तोलून पाहतात. म्हणजे वडिलांच्या बाबतीत हा वैद्यकीय निर्णयाचा प्रश्न आहे, तर आईंच्या बाबतीत उत्तर ‘नको’ असे येण्याची शक्यता मोठी आहे. मेथोट्रेक्सेटचा डोस, इतर औषधे आणि अंड्याची ॲलर्जी या तीन गोष्टी त्यांच्या आमवाताच्या डॉक्टरांशी बोलून आताच ठरवाव्यात. लस घेता यावी म्हणून स्वतःच्या मनाने औषध काही दिवस बंद ठेवण्याचा मार्ग कोणीही सुचवला तरी स्वीकारू नये.

डॉक्टरांनी लस निषिद्ध ठरवली तर तशी नोंद त्याच आंतरराष्ट्रीय पिवळ्या पुस्तकात, त्यासाठी असलेल्या पानावर, अधिकृत लसीकरण केंद्राच्या सही-शिक्क्यानिशी करून घ्यावी. लेटरहेडवरचे साधे पत्र सोबत असावे, पण त्यावर विसंबू नये. ही सूट मान्य करायची की नाही हे प्रत्येक देशाच्या अधिकाऱ्याच्या हातात असते. टांझानियात ती सहसा वाचून मान्य होते, परंतु भारतात परतताना विलगीकरणाची तयारी मनात आणि वेळापत्रकात ठेवावी, म्हणजे परतल्यानंतरच्या आठवड्यात घरातले लग्न किंवा रुग्णालयाची तारीख धरू नये.

वडिलांसाठी लस घ्यायची ठरली तर ती फक्त सरकारने नेमून दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना ही त्यांपैकी दोन केंद्रे आहेत. लस ठरावीक वारीच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि पुस्तकावर पासपोर्टचा क्रमांक लिहिला जात असल्याने मूळ पासपोर्ट सोबत न्यावा लागतो. सांगलीहून एकदा मुंबईला जाण्याचा हा हेलपाटा प्रस्थानापूर्वी किमान तीन आठवडे आधी व्हावा. सीमेवर किंवा शहरातल्या एखाद्या दुकानात काही डॉलरमध्ये कोरे पुस्तक शिक्का मारून देणारे भेटतात. असे पुस्तक घेणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय लस न घेतलेल्या माणसाला घेतली असल्याचे दाखवून आपण त्याच्यावर उपचार करणाऱ्या पुढच्या डॉक्टरांचीही दिशाभूल करतो.

आता शेजाऱ्यांच्या सल्ल्याकडे येतो. ते खोटे सांगत नाहीत, पण ते केनियाचे नागरिक असावेत. केनिया, टांझानिया, युगांडा आणि रवांडा हे सर्व पूर्व आफ्रिकी समुदायाचे सदस्य असल्याने त्यांच्या नागरिकांना एकमेकांकडे जाताना व्हिसा लागत नाही. आपल्याकडे केनियाचे परमिट आहे, पासपोर्ट मात्र भारताचा आहे, आणि टांझानियाचा इमिग्रेशन अधिकारी पासपोर्ट पाहतो. केनियाचे वर्क परमिट हे केनियात राहण्या-परतण्याचे साधन आहे. टांझानियाच्या व्हिसात त्याने सूट मिळत नाही. नैरोबीतल्या अनेक मिश्र कुटुंबांत, म्हणजे पती केनियन आणि पत्नी भारतीय अशा घरांत, एकाला व्हिसा लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. त्यात ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डाचा) काहीही संबंध नसतो, कारण ते केवळ भारतात जाण्यासाठी आहे.

टांझानियाचा साधा एकेरी प्रवेशाचा व्हिसा भारतीयांना 50 डॉलरला मिळतो, मुलांनाही तेवढेच शुल्क पडते, आणि तोच व्हिसा झांझिबारलाही चालतो. तो सीमेवर मिळत असला तरी आपण ऑनलाइन काढावा असे मी सुचवेन, कारण वृद्ध मंडळींना घेऊन रांगेत दीड तास उभे राहण्यापेक्षा घरी बसून फॉर्म भरणे सोपे, आणि फॉर्ममध्ये काही खटकले तर दुरुस्तीला वेळही राहतो. अर्ज दोन-तीन आठवडे आधी करावा. संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गो डॉट टीझेड’ असाच असल्याची खात्री करावी; हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट पैसे घेतात. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, म्हणजे वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह भरावे. पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या आडनावाने असेल आणि विमानाचे तिकीट सासरच्या आडनावाने काढले असेल, तर तो फरक आपल्याला क्षुल्लक वाटला तरी काउंटरवर तसा वाटत नाही.

अरुशाच्या कामाबद्दल आपण अगदी ओझरते लिहिले आहे, पण ते महत्त्वाचे आहे. 50 डॉलरचा व्हिसा पर्यटनाचा आहे. ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र बसवणे, सुरू करून देणे किंवा दुरुस्त करणे हे टांझानियाच्या दृष्टीने काम आहे, मग पगार नैरोबीत जमा होत असला आणि काम दोनच दिवसांचे असले तरी. त्यासाठी 250 डॉलरचा बिझनेस व्हिसा आहे आणि त्यासोबत तिथल्या कंपनीचे पत्र जोडावे लागते. कारखान्यांवर श्रम आणि इमिग्रेशन विभागांची तपासणी होते, आणि पर्यटक व्हिसावर पान्हा हातात घेतलेला माणूस सापडला तर दंड, अटक किंवा हद्दपारी यांपैकी काहीही होऊ शकते, आणि तेही आई-वडील हॉटेलात वाट पाहत असताना. खर्च कंपनीने करावा, किंवा हे काम सहलीतून काढून स्वतंत्र फेरीत करावे. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

एजंटाने सुचवलेला पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा 2014 पासून खरोखरच अस्तित्वात आहे. तो 100 डॉलरचा, नव्वद दिवसांचा आणि अनेक प्रवेशांचा असतो. परंतु तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांत चालतो. टांझानिया त्यात नाही, आणि या तीन देशांच्या बाहेर पाऊल टाकताच तो संपतो. म्हणजे आपल्या बेतात सेरेंगेटी मध्येच आल्याने शंभर डॉलरचा व्हिसा नामांगालाच निकामी होईल. शिवाय आपल्याला त्याची गरजही नाही. आपण तिघे केनियात परमिट आणि पासवर आहात. रवांडा राष्ट्रकुलाच्या सदस्य देशांतील नागरिकांना तीस दिवसांपर्यंत प्रवेशाचे शुल्क आकारत नाही, आणि भारत राष्ट्रकुलात आहेच. उरले आई-वडील, त्यांना केनियासाठी 30 डॉलरच्या आसपास शुल्क असलेली ई-टीए, म्हणजे ऑनलाइन पूर्वपरवानगी, पुरते. एजंटाचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. युगांडा आणि रवांडा असा बेत असता, तर तोच व्हिसा किफायतशीर ठरला असता.

आई-वडिलांच्या ई-टीएबाबत मात्र एक गोष्ट सांभाळावी लागेल. जानेवारी 2024 पासून केनियाने व्हिसा बंद करून ही ऑनलाइन पूर्वपरवानगी सुरू केली, आणि साधी ई-टीए एकाच प्रवेशासाठी असते. जुन्या व्हिसाच्या काळात शेजारच्या पूर्व आफ्रिकी देशात जाऊन आले तरी तोच व्हिसा परतीला चालत असे, आणि नैरोबीतले जुने लोक अजूनही तेच सांगतात. त्या आठवणीवर तिकिटे काढू नयेत. आपल्या बेतात आई-वडील केनियात तीनदा प्रवेश करतात: मुंबईहून, झांझिबारहून आणि रवांडाच्या किगालीहून. यातले दोन प्रवेश टाळता येतात.

त्यासाठी आधी गोरिलांचा विषय निकालात काढतो. रवांडात आणि युगांडातही पंधरा वर्षांखालील मुलांना गोरिला पाहायला नेत नाहीत, त्यामुळे मुलगी जाऊच शकणार नाही. रवांडाचे परवाने माणशी 1500 डॉलरचे आहेत, युगांडाच्या बविंडी उद्यानात 800 डॉलरचे, आणि दोन्हीकडे उंच डोंगरातील चिखलात काही तास चढावे लागते. आमवात असलेल्या आईंसाठी हे नको. आपण दोघांनी पुढे कधीतरी मुलीला घरच्यांकडे ठेवून जावे, आणि या वेळी रवांडा वगळावा. मग केनिया आधी पूर्ण पाहून, टांझानिया करून, शेवटी झांझिबारवरूनच आई-वडिलांना मुंबईला पाठवता येईल. ते विमान नैरोबीमार्गे असले आणि एकाच तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता पुढे जाणार असतील, तर दुसरी ई-टीए लागत नाही. सामान नैरोबीच्या घरी ठेवून त्यासाठी परतायचे असेल, तर दुसरा अर्ज टांझानियाला निघण्यापूर्वीच करावा. ई-टीए विमानतळावर पोहोचून काढण्याची सोय नाही आणि मंजुरीला साधारण तीन कामाचे दिवस धरावे लागतात.

माराहून परस्पर सेरेंगेटीत जाण्याचा बेत नकाशावर फार मोहक दिसतो, कारण दोन्ही अभयारण्ये एकमेकांना चिकटलेली आहेत आणि विल्डबीस्टांचे कळप तिथून रोज ये-जा करतात. पर्यटकांना मात्र सँड रिव्हरजवळची ती हद्द ओलांडता येत नाही. तिथे इमिग्रेशनची सोय नाही, आणि त्यामुळे माराच्या पश्चिमेला वळसा घालून इसेबानिया-सिरारी येथून जावे लागते, किंवा नैरोबीला परतून नामांगामार्गे अरुशा गाठावे लागते. पहिला मार्ग सेरेंगेटीच्या पश्चिम आणि उत्तर भागासाठी बरा आहे, पण रस्ता थकवणारा आहे. वडीलधाऱ्यांसाठी मी नामांगा निवडेन: नैरोबीपासून सुमारे 165 किलोमीटर, चांगला रस्ता आणि दोन्ही देशांचे काउंटर एकाच इमारतीत, त्यामुळे बाहेर पडण्याचा आणि प्रवेशाचा शिक्का लागोपाठ होतो. केनियाच्या टूर कंपनीची गाडी टांझानियाच्या अभयारण्यांत चालत नाही. सीमेवर किंवा अरुशाला गाडी आणि चालक बदलतात. चालक ‘हकुना शिदा’ (काही अडचण नाही) म्हणून आपलीच गाडी पुढे नेण्याची हमी देत असला, तरी कंपनीकडून गाडी बदलण्याची व्यवस्था लेखी मागवावी. स्वतःची गाडी न्यायची असेल तर मूळ लॉगबुक (गाडीचे नोंदणीपुस्तक), गाडी कंपनीच्या नावावर असल्यास मालकाचे अधिकारपत्र, कोमेसा या आफ्रिकी व्यापारसंघाच्या यलो कार्डाचा वाहनविमा आणि टांझानियाच्या महसूल प्राधिकरणाचा तात्पुरता परवाना लागतो. या खटाटोपात आई-वडिलांना घेऊन पडू नये.

झांझिबारसाठी व्हिसा वेगळा नसला तरी दार-एस-सलामहून बोटीने किंवा विमानाने उतरल्यावर तिथले अधिकारी पासपोर्ट पुन्हा पाहतात, म्हणून तो मोठ्या बॅगेत तळाशी ठेवू नये. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथे येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला झांझिबारच्या सरकारी विमा महामंडळाचा प्रवासविमा सक्तीचा आहे, प्रौढांना 44 डॉलर. भारतातून काढलेला कितीही मोठा विमा त्याऐवजी चालत नाही. तरीही आई-वडिलांचा भारतातला विमा काढाच, कारण सेरेंगेटीतून आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च कोणालाही झेपणारा नाही. नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर असल्याने तिथे मलेरियाचा विचार मागे पडतो, पण सेरेंगेटी आणि किनाऱ्याकडे तो आहे. प्रतिबंधक गोळी कोणती घ्यायची हे आईंच्या औषधांकडे पाहून त्यांचे डॉक्टरच ठरवतील.

लहानसहान बाबींपैकी दोनच लिहितो. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या, न फाटलेल्या आणि रेघोट्या नसलेल्या घ्याव्यात. 2006 पूर्वीच्या नोटा या भागात कोणी घेत नाही. सांगलीहून येणारा चिवडा-लाडवांचा ऐवज दुकानाच्या प्लास्टिक पिशव्यांत बांधून आणू नये, कारण केनियाने ऑगस्ट 2017 पासून आणि टांझानियाने जून 2019 पासून अशा पिशव्यांवर बंदी घातली आहे; डबे किंवा कापडी पिशव्या वापराव्यात.

आपल्या स्वतःच्या परतीसाठी परमिट आणि डिपेंडंट पास यांच्या तारखा तपासा. परमिट नूतनीकरणाला दिलेले असेल आणि हाती केवळ पावती असेल, तर सीमा ओलांडू नका. मंजुरीची नोंद पासपोर्टवर होईपर्यंत थांबा, आणि सर्वांची फॉरेनर सर्टिफिकेटे (केनियातल्या परदेशी रहिवाशांची ओळखपत्रे) सोबत घ्या. मुलीचा पासपोर्ट विशेषतः पाहा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि केनिया व टांझानिया दोघेही सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. तो नवा करायचा असेल तर भारतीय उच्चायुक्तालयात आताच अर्ज करा आणि नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत तिचा टांझानियाचा ई-व्हिसा काढू नका, कारण ई-व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकावर दिला जातो. तिचा डिपेंडंट पास जुन्या पासपोर्टवर नोंदलेला राहील, म्हणून परत येताना नामांगाला दोन्ही पासपोर्ट दाखवावे लागतील.